पाचव्या पाइपाची शिट्टी

देवळीला आईकडे येऊन माधवी वासनिकला तीन दिवस झाले होते आणि तीन दिवस ती नुसती अंगणात येरझारा घालत होती. तिकडे गुजरातेत एका तेलाच्या विहिरीतले पाइप वर काढणं चाललं होतं, तेही तिच्या एका वाक्यावर. विहिरीत कुठेतरी गॅस गळत होता. बाराशे चाळीस मीटरवर भोक आहे, असं तिने लिहून दिलं होतं.

भोक तिने पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. विहिरीत केसाएवढी बारीक काचेची तार सोडायची आणि तिच्यातून प्रकाश धाडायचा. जिथे आवाज असेल तिथे तार थरथरते. थरथरलेला प्रकाश किती वेळाने परतला, त्यावरून खोली कळते. इतकं जगाला ठाऊक होतं. पण वाहत्या तेलाच्या घरघरीतून गॅसची बारीक शिट्टी वेगळी काढायची युक्ती माधवीची. त्यात तिची नऊ वर्षं गेली होती. "चुकलं तर मग..." एवढंच बोलून साहेबांनी तिला रजेवर पाठवलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी आईच्या बोअरचं पाणी गेलं. मोटर घुमत होती, पण नळाला करंगळीएवढी धार. मेकॅनिक प्रेमदासने कान लावला आणि माधवीच्या आईला निकाल दिला, "मोटर गेली, तानाबाई मावशी. नवीन टाका."

"थांब जरा," माधवी म्हणाली. हातांना काहीतरी काम हवंच होतं. तिने बॅगेतून नमुन्याच्या तारेचं रीळ काढलं, तार बोअरमध्ये सोडली, लॅपटॉप बाजेवर ठेवला. पडद्यावर एक रेघ टुणकन उडाली.

"मोटर चांगली हाय. पाइपाले भोक हाय. ब्याण्णव फुटावर."

प्रेमदास खो-खो हसला. "ताई, इथून दिसून राह्यलं का तुमाले?"

"ऐकू येऊन राह्यलं."

पाइप वीस-वीस फुटांचे. साखळीने एकेक वर येऊ लागला. चार आले, चारही ठणठणीत. कुंपणापाशी अर्धी गल्ली जमली. माधवी बोअरच्या तोंडाशी ओणवी झाली, जणू हीच तेलाची विहीर! पाचवा पाइप वर आला. प्रेमदासने वरच्या टोकापासून टेप लावला आणि बाराव्या फुटाशी त्याचं बोट थबकलं. बोट जाईल एवढं गंजलेलं भोक. त्याने बोट आत घातलं, काढलं, पुन्हा घातलं.

"अरे बाप्पा!" तो मटकन खालीच बसला.

माधवीला हसू फुटलं ते थांबेचना. पन्नाशीला टेकलेली ती बाई चिखलात उड्या मारायला लागली. शेजारच्या रक्षाकाकूंनी तिचा हात धरला. "माह्या बोअरचंही ऐक नं वं, पोरी!" मागून आणखी चौघांनी आपापल्या बोअरची गाऱ्हाणी सुरू केली. त्या गलक्यात फोन कधीपासून वाजतोय, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

फोनवर धनंजय होता, गुजरातेतला तिचा सहकारी. "मॅडम, सापडलं! बाराशे बेचाळीसवर. दोन मीटर चुकलात."

"दोनच?"

"दोनच! साहेब मघापासून त्या पाइपावरून हात फिरवत उभे आहेत."

"सापडलं वं आई! दोनच मीटर चुकली!" माधवी आईकडे वळून ओरडली. तानाबाईंनी फोन हिसकावला.

"कोन बोलून राह्यलं? हे पाय बाबू, एवढ्या खोलात दोन मीटर म्हंजे काई नाई. तुमच्या पाइपाले मोजाले कोन होतं? आमच्या प्रेमदासले बोलवाचं होतं. तो इंचभर नाई चुकला!"

पलीकडे धनंजय गदगदून हसत होता. इकडे प्रेमदास रीळ खांद्यावर टाकून निघालासुद्धा. "सरका, सरका! ताईले वाट द्या!" तो ओरडला. रक्षाकाकू माधवीला ओढत त्याच्यामागे निघाल्या आणि अख्खी गल्ली हसत-खिदळत पुढच्या बोअरकडे धावली.