उपासाची जेवणसुट्टी

कामाचे तास नोंदवणारं ते परदेशी सॉफ्टवेअर कुणीही फुकट घेऊन बदलावं असं होतं. आमच्या टॉवेल कारखान्यासाठी मी ते मराठीत आणलं. मंगळवारी शिलाईतली गोजरबाई ऑफिसात माझ्याकडे आली.

"ताई, सोमवारी आमी उपासवाल्या जेवणसुट्टीत काम करतो आन् अर्धा तास आदी सुटतो. न्हायतर कुंभारीला जायाची गाडी चुकती, दिवाबत्ती ऱ्हाती. ह्यानं तर ‘लवकर गेली’ लावलं की!"

"ज्यांनी हे बनवलं, त्यांच्या देशात जेवणसुट्टी सक्तीची आहे गं. सगळ्यांनी ती घेतलीच, असं धरूनच हे चालतं."

"मराठी बोलतंय न्हवं? मग आमचं का ऐकत न्हाय?"

मी फक्त शब्द बदलले होते. आतला नियम बदलायला मला येत नव्हतं. बनवणाऱ्यांना लिहिलं, उत्तर आलं नाही.

पुढच्या सोमवारी लवकर सुटता येणार नव्हतं, म्हणून जेवणसुट्टीत गोजरबाई मशीन थांबवून नुसती बसून राहिली. माझाही उपास होता. मी तिच्याशेजारी जाऊन बसले.