पुस्तकांच्या पेटीने ऐकलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझा जन्म तोफगोळे ठेवण्यासाठी झाला. गोळे उडाले, मी उरले आणि नगरच्या भंगारात पडले. तिथून सत्यशीलाबाईंनी मला उचललं. बाई निवृत्त शिक्षिका, मुलांसाठी गोष्टी लिहायच्या. त्यांनी मला निळा रंग दिला, आत पुस्तकं भरली आणि पारनेर तालुक्यातल्या आपल्या गावी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ठेवलं. दर शनिवारी शाळा सुटली की मुलं माझ्यावर तुटून पडत. पुढे मोबाईल आले आणि माझ्या झाकणावर कोंबड्या बसू लागल्या. चुकत नसे ती फक्त तिसरीतली धनश्री. तिचे वडील आदिनाथ फौजेत होते.

यंदा सीमेवर लढाई पेटली. चहाच्या टपरीवर बसल्या बसल्या सगळे सेनापती झाले. मुलंही लढाई खेळू लागली. मरायला कुणी तयार नसे, म्हणून बालवाडीतल्या ओंकारला रोज मारत. आदिनाथची सुट्टी रद्द झाली होती. धनश्री भेटेल त्याला विचारायची, "पप्पा आले?"

एका शनिवारी ती माझ्याशेजारी बसून वाचत होती. बाई पुस्तकं लावत होत्या. तेवढ्यात तिचा चुलता कानिफनाथ अनवाणीच आला.

"बाई, आमचा दादा कामी आला."

धनश्रीने पुस्तक टाकलं. "पप्पा आले? कुठंयत? ष्टँडवर?"

कानिफनाथने मान फिरवली.

बाई म्हणाल्या, "धनू, पप्पा गेले गं."

"आले आन् लगीच गेले? मला न भेटता?"

जन्मभर मुलांसाठी सोपे शब्द शोधणाऱ्या बाईंनी हातातली पुस्तकं खाली ठेवली. मग त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. "पप्पा मेले, धनू. लढाईत तोफगोळा लागून मेले. आता ते कधीच येणार नाहीत."

"बाई, आसं बोलत्यात व्हय लेकराला!" कानिफनाथ कळवळला.

"मग कसं बोलू? माझ्या पुस्तकांत सगळे शिपाई कामीच आलेत, कानिफ. मेला एकही नाही. पोरांना कळावं कसं?"

"कधीच न्हाई?" धनश्रीने विचारलं.

"कधीच नाही."

मग ती रडली. दिवेलागणीपर्यंत बाई तिला मांडीवर घेऊन तिथेच बसल्या.

गावात मोठमोठे फलक लागले. मरण सोडून सगळे शब्द त्यांवर होते. पाहुणे आले, घोषणा देऊन गेले.

पुढच्या शनिवारी बाईंनी माझ्यातली आपली पुस्तकं बाहेर काढली. जिथे जिथे 'कामी आला' छापलं होतं, तिथे ते खोडून 'मेला' लिहिलं. एका ठिकाणी पुढे लिहिलं, 'त्याला घरी एक मुलगी होती.'

शेजारून धनश्री म्हणाली, "तिचं नाव पन लिवा."

मित्रांनो, मला पुन्हा रंग दिला नाहीत तरी चालेल. पण मुलांना लढाईची गोष्ट सांगाल तेव्हा मेलेल्याला मेला म्हणा. आणि सांगून झालं की लगेच उठू नका. मूल तोच प्रश्न पुन्हा विचारतं.