ते नाणं नव्हतं

मी एक जुनी, एक्स-रे बघायची पेटी आहे. पुढे दुधी काच, आत दिवे, वर फिल्म अडकवायला पट्टी, एवढाच माझा संसार. मला घडवणारा कारागीर मोठा चिकाटीचा माणूस होता. एका कोपऱ्यात उजेड जरासा मंद पडला, तर त्याने काच उतरवून पुन्हा बसवली. हिच्यासमोर उभी राहून शहाणी माणसे विचार करतील, असे त्याला वाटले असावे. भाबडा होता बिचारा.

मित्रांनो, मला लहान मुलांच्या एका मोठ्या इस्पितळात, व्याख्यानाच्या खोलीत टांगले. तिथे रोज दुपारी निवासी डॉक्टरांची शिकवणी भरे. हे डॉक्टर तर झालेले असतात, पण मुलांचे डॉक्टर व्हायला अजून शिकत असतात आणि वॉर्डातच राबतात. शिकवणी कसली, डुलक्यांचे संमेलन ते! मागची रांग झोपे, मधली टेबलाखाली फोन चाळे आणि पुढची नुसती मान हलवे. सुरुवातीला माझे कौतुक होते. मग पडद्यावर चित्रे दाखवणारे यंत्र आले आणि माझ्यावर कुणीतरी ओला नॅपकिन वाळत घालू लागले. यंत्राने निदान शिकवणे तरी सुधारावे? छे! पडद्यावर जे लिहिलेले, तेच मोठे सर वाचून दाखवत.

मोठे सर म्हणजे विभागप्रमुख. आवाज भारदस्त, कान नावापुरते. "काय दिसतंय?" असे विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. त्यांच्या शेजारी एक वरिष्ठ निवासी डॉक्टर बसे. त्याला सगळे पाठीमागे होयबा म्हणत. सर शिंकले तरी हा "अगदी बरोबर, सर" म्हणेल, असा त्याचा लौकिक होता.

एका दुपारी ते यंत्र बंद पडले. नाइलाजाने नॅपकिन काढून माझे दिवे लावले. फिल्म होती एका दोन वर्षांच्या मुलीची. सकाळपासून तिची लाळ गळत होती, घास गिळवत नव्हता. वरच्या मजल्यावर ती आईच्या मांडीवर पडून होती. तिच्या अन्ननलिकेत काहीतरी गोल अडकलेले फिल्मवर दिसत होते.

"नाणं," मोठे सर म्हणाले. "उद्या सकाळी दुर्बिणीतून काढू."

"अगदी बरोबर, सर. नाणंच," होयबा म्हणाला.

मग सरांनी रांगेने विचारले. नाणं, नाणं, नाणं. एकाने तर डोळे उघडायच्या आधीच नाणं म्हटले. मेंढरे बरी, ती निदान गवत बघून तोंड घालतात.

दाराजवळ पहिल्या वर्षाची एक डॉक्टर बसली होती. अंगाने किडकिडीत, आवाज बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. तिची पाळी आली तशी ती उठली आणि नाक काचेला लागेल इतकी माझ्याजवळ आली.

"सर, मला नाणं वाटत नाही."

"मग काय, बांगडी आहे?" सरांनी विचारले. खोली खो खो हसली.

"कडेला दोन रेघा आहेत, सर. एकात एक. नाण्याला एकच असते. ही बॅटरी आहे, रिमोटमधली चपटी."

"वा! पहिल्याच वर्षी दिव्यदृष्टी!" होयबाने टोमणा मारला.

ती सरांकडे वळली. "बॅटरी असेल तर ती आतून जाळतेय. उद्यापर्यंत नळीला भोक पडेल. तुम्ही एकदा जवळ येऊन बघा ना, सर."

"बस खाली." सर खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत.

ती बसली नाही. तिने माझ्यावरची फिल्म ओढून काढली.

"दाराबाहेर पाऊल टाकलंस तर महागात पडेल!"

"पडू दे, सर," ती म्हणाली आणि जिन्याकडे धावत सुटली.

पुढचे मला खोली झाडणाऱ्या मावशींच्या बोलण्यातून कळले. दुर्बिणीच्या डॉक्टरांनी फिल्म खिडकीशी धरून पाहिली आणि एवढेच म्हटले, "चला, आत्ताच." बॅटरी त्याच दुपारी निघाली. एक बाजू काळीठिक्कर पडली होती. नळी भाजली होती, पण भोक पडले नव्हते. मुलगी काही दिवस नाकातल्या नळीने जेवली आणि मग घरी गेली. निघताना तिची आई चिमणीचा हात सोडायलाच तयार नव्हती म्हणे.

पुढच्या आठवड्यात मोठ्या सरांनी तीच फिल्म माझ्यावर लावली. "अशा वेळी कडा बघा, हे मी नेहमीच सांगत आलोय," ते म्हणाले. "अगदी बरोबर, सर," होयबा म्हणाला. सगळ्यांनी ते मुकाट्याने लिहून घेतले. चिमणीला शिक्षा म्हणून बाह्यरुग्ण विभागात बसवले होते. तिचे नाव कुणाच्या तोंडून निघाले नाही. तो उजेड माझ्याच अंगातून निघत होता याची मला शरम वाटली. त्यांना नाही वाटली.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. काचच ती, कधीतरी फुटेल. पण घरात धाकटे भावंड असेल तर रिमोटचे झाकण घट्ट आहे ना, तेवढे बघा. आणि जिथे सगळे एकच उत्तर देत असतील, तिथे जागेवरून उठा, जवळ जा आणि आपल्या डोळ्यांनी पाहा. लोक हसतील. हसू द्या. असली हसणारी तोंडे मी वर्षानुवर्षे उजेडात पाहिली आहेत. त्यांच्या आत काहीसुद्धा नसते.