शनिवारपर्यंतचं दूध

मी काशाची वाटी बोलतेय. तळहातात मावेन एवढीशी. गोपिकाच्या रुखवतातून मी तिच्या सासरी, पारशिवनीला गेले आणि चौऱ्याहत्तर साली तिच्याच पिशवीतून नागपूरला आले.

गोपिकाला टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली, तेव्हा तिची मुलगी सात महिन्यांची होती. नवऱ्याची शेती गावात, सासरे अंथरुणाला खिळलेले. सासूबाईंना, बायजाबाईंना, घर सोडणं शक्य नव्हतं आणि नागपुरात लेकराला धरायला कोणी नव्हतं.

"जाय वं," बायजाबाई म्हणाल्या, "पोरीले मी सांभाळीन."

गोपिका निघाली खरी, पण तिनं मनाशी एक ठरवलं होतं. दूध आटू द्यायचं नाही. दिवसातून चारदा, कधी खोलीवर, कधी ऑफिसातल्या बायकांच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून ती मला मांडीवर घ्यायची. कोमट, निळसर धार माझ्यात पडायची. कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून ती ते दूध कडुनिंबाच्या बुडाशी नेऊन ओतायची. बरोबरीच्या मुली म्हणायच्या, "कशाला एवढा त्रास?" ती नुसती मला विसळायची.

पहिल्या शनिवारी ती संध्याकाळच्या बसनं गावी गेली. पोरीनं तिच्याकडे पाहिलं, तोंड फिरवलं आणि आजीच्या खांद्याला जी चिकटली ती सुटेना. छातीशी घेतली तर किंचाळली. गोपिका चुलीपाशी बसून हुंदके देऊ लागली.

"काहून रडून राहिली?" बायजाबाई म्हणाल्या. "लेकराची जात आहे, तोंड विसरते. वास नाही विसरत. हे अंगावरचं पातळ धुऊ नको, मले देऊन जा."

पुढचे सगळे दिवस पोर त्या मळक्या पातळावर झोपली. अंगावर पिणं सुटू नये म्हणून दुधाची बाटली बायजाबाईंनी घरात येऊच दिली नाही; गाईचं दूध चमच्यानं पाजलं.

आणि इकडे बुधवारी गोपिका बोर्डावर बसली असताना कोणा गिऱ्हाइकाच्या फोनमागं एक तान्हं रडायला लागलं. लाइन जोडायची सोडून तिचे हात तिथंच थांबले. पोलकं भिजलं. पदर छातीशी धरून ती उठली, तर समोर सुपरवायझर सुहासिनीबाई. कडक बाई. बोर्ड सोडणाऱ्याची त्या गय करत नसत.

"किती महिन्यांचं आहे लेकरू?"

"सातवा सरून राहिला, बाई."

सुहासिनीबाईंनी तिचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. "जा. मी बसते." त्या दिवशी मी काठोकाठ भरले, आणि गोपिका मला हातात धरून कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. तिला ते ओतवेना.

त्या शनिवारी पोर आधी तिच्या गळ्यापाशी नाक घासत राहिली. हुंगलं, थांबली, पुन्हा हुंगलं. मग प्यायली. बायजाबाई दाराकडे तोंड करून उभ्या होत्या. डोळ्यांना लावलेला पदर त्यांनी काढलाच नाही.

असे अकरा महिने गेले. मग एका शनिवारी पोर दोन घोट पिऊन उतरली आणि भाकरीचा तुकडा घेऊन अंगणात पळाली. गोपिकानं हाक मारली. ती आली नाही. त्यानंतरही आठवडाभर गोपिका मला घेऊन बसत होती. चार थेंब, दोन थेंब, मग काहीच नाही.

आता मुलगी अकरा वर्षांची आहे, आईजवळ नागपुरातच शिकते. परवा दारात भांडेवाली आली. जुनी भांडी घेऊन ती स्टील देते. मुलीनं मला ढिगात टाकलं. गोपिकानं उचलून घेतलं.

"ठेव ना परत ढिगात, आई. कोणाची आहे ही?"

"तुझी."

"मी तर हिच्यात कधी काही खाल्लं नाही."

"नाही खाल्लं," गोपिका म्हणाली, आणि मला, रिकाम्या वाटीला, पदरानं पुसत राहिली.

बायांनो, मोडीत काढण्याआधी आम्हाला एकदा हातात घेऊन पाहा. आमच्यातल्या काहींनी वाट पाहण्याखेरीज दुसरं कामच केलेलं नसतं.