माझी जागा अंथरुणात

मी वहाकुरा बोलतेय. बाळाला निजवायची विणलेली टोपली. होकियांगाच्या खाडीकाठी हराकेके नावाच्या झुडपाची लांब, चिवट पाती सळसळतात, त्यांतून माझा जन्म झाला. एराना आजीने कडेची पाती तेवढी कापली. मधला कोंब म्हणजे बाळ, त्याला बिलगलेली दोन पाती म्हणजे आईबाप. त्यांना आमच्याकडे कुणी सुरी लावत नाही.

आजीच्या नातीला, मेरेआनाला, मुलगा झाला होता. माताई. आईबापाच्या अंथरुणात, दोघांच्या मधोमध, पण स्वतःच्या काठांत त्याने निजावं म्हणून मी होते. मेरेआनाने मला गालाशी धरलं. इतकी देखणी वस्तू शू-दुधाने कशी खराब करायची? तिने मला भिंतीवर टांगलं, गेलेल्या वाडवडिलांच्या तसबिरींशेजारी. मानाची जागा. माताई मात्र मऊ उशा-रजयांत निजायचा.

एका सकाळी तो उठलाच नाही. पुढे त्याचीही तसबीर माझ्या शेजारी आली.

मग हुइया जन्मली. मेरेआना तिला खाली ठेवीचना. पोरीचा डोळा लागला की श्वास चालतोय का पाहायला नाकाशी बोट धरायची आणि पोर दचकून रडायची. झोप दोघींनाही नव्हती. एका दुपारी खुर्चीतच मेरेआनाची मान कलली, आणि हुइया मांडीवरून घसरत खुर्चीच्या गादीच्या खाचेत तोंड खुपसून पडली. नेमकी आजी दारात आली. तिने पोरीला उचललं, पाठीवर हात फिरवला. पोर रडली, तेव्हा आजी खाली बसली.

"जिवंत लेकराची वस्तू मेलेल्यांच्या रांगेत टांगलीस, पोरी? मी काय शोभेला विणली होती?"

मेरेआनाने भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहिलं. "आजी, ती खाली काढली तर माताई एकटा पडेल गं."

"त्याच्याजवळ माझी आई आहे, आजोबा आहेत. हिच्याजवळ कोण आहे?"

मेरेआनाने स्वतःच्या हाताने मला उतरवलं. आत पातळ गादी, उशी नाही. हुइयाला जागेपणीच उताणं ठेवलं. ती किंचाळली, मेरेआना उचलायला वाकली. आजीने तिचा हात पोरीच्या पोटावर ठेवला आणि तेच एक गाणं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. त्या दिवशी काही जमलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

आता जमतं. माझी एक कड उसवलीय, अंगाला आंबूस दुधाचा वास येतो. मेरेआना अजूनही दचकून उठते, माझ्यात हात घालून पाहते, पुन्हा पडते.

माताईच्या तसबिरीशेजारी माझा खिळा तसाच आहे. तो रिकामा राहू द्या.