थर्मनच्या कोठारातली ब्यूइक

…आणि तो कागद गाडीच्या पुढच्या सीटखाली, सीट सरकवायच्या रुळाच्या कडेला चपटा होऊन अडकलेला — तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, पेपरमिंटच्या गोळीचा. इझेल पेटवेने तो दोन बोटांत धरून दाराकडून येणाऱ्या उजेडात फिरवला. कुरतडलेला नव्हता. उंदराने फाडला असता तर कडांच्या झिरमिळ्या झाल्या असत्या. एप्रिलमध्ये मागच्या सीटच्या पोटातून कापूस आणि स्पंजचा भुगा निघाला होता, त्यात असेच तांबडे-पांढरे कपटे होते, तेव्हा वाटलं होतं, नाताळच्या सजावटीतलं काहीतरी ओढून आणलं असेल. हा मात्र अख्खा होता. दोन्ही टोकांचे पीळ कोणीतरी सावकाश सोडवले होते, चर्चमध्ये प्रवचन रंगात आलेलं असताना चुरचुर होऊ नये म्हणून सोडवतात तसे.

"बोळे ठेवून झाले का रे?" बॉनेटखालून थर्मनने विचारलं.

"होतायत," इझेल म्हणाला, आणि कागद खिशात गेला.

पुदिन्याच्या तेलात भिजवलेले कापसाचे बोळे तो एकेक करून सीटखाली सरकवत राहिला. बर्फ वितळवायला रस्त्यांवर पत्रा गंजवणारं मीठ पडायला लागायच्या आत आपली ब्यूइक गाडी इथे आणायची, थर्मन गेन्सच्या कोठारात, आणि वसंतात काढायची, हे ठरलेलंच. इझेलच्या शहरातल्या घराला गॅरेज नव्हतं. कोठार थर्मनचं, कुलूप थर्मनचं, आणि हिवाळाभर गाडीची एक किल्लीही त्याच्याचकडे — आग लागली, बर्फाने छप्पर बसलं, तर बाहेर ढकलता यावी म्हणून. यात कधी काही वाटलं नव्हतं. चर्चमध्ये एका बाकावर बसणारी माणसं आपण… पण ही गाडी विकायची झाली तर आधी मला विचार, असं थर्मन एकदा म्हणाला होता ना? हसत म्हणाला होता. हसत म्हटलेलं माणूस विसरत नाही, म्हणणाराही नाही. आणि उंदरांनी पोखरलेल्या गाडीची किंमत ती काय राहते.

अर्धं आयुष्य मी कारखान्यात दारं बसवली. याच गाड्यांची दारं. रबर कसं बसलंय ते दार मिटल्याच्या आवाजावरून सांगायचो, फोरमन माझ्याकडे बघायचा आणि मी मान हलवली की गाडी पुढे सरकायची. माझ्या दारातून उंदीर आत शिरत नाही. दार कोणीतरी उघडलं असलं पाहिजे, उघडं ठेवलं असलं पाहिजे — थोडा वेळ का होईना.

गेल्या रविवारी पास्टर ओडम बोलता बोलता सुरात शिरले होते. आधी साधंच बोलणं, मग वाक्याच्या शेवटी एक हेलकावा, मग ऑर्गनने खालून अलगद हात दिला आणि शब्दांना पाय राहिले नाहीत, पंखच फुटले. 'रात्रभर तूच जागत बसलास, तर राखण कोणाची रे, तुझी की देवाची?' — ती ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी एक पायरी वर. थर्मन, चर्चचा डीकन, पास्टरांचा मदतनीस, पुढे झुकून "सांगा, पास्टर, सांगा" म्हणत होता, सगळं चर्च हलत होतं, आणि इझेलचे डोळे भरून आले होते. त्याच वेळी थर्मनने मान न वळवता एक गोळी त्याच्या तळहातावर ठेवली होती. घेतली होती त्याने. प्रसाद घ्यावा तशी घेतली होती.

बॅटरी काढून थर्मनने बाकावर ठेवली, हात पुसले. इझेलला राहवलं नाही. कागद त्याने बॉनेटवर ठेवला.

"हा सीटखाली होता."

"एकच राहिला? बाकीच्यांचा फडशा पाडला वाटतं लेकाच्यांनी."

"कोणी?"

"उंदरांनी, आणखी कोणी? मागच्या थंडीत मूठभर टाकल्या होत्या मी. तूच म्हणाला होतास, पुदिन्याच्या वासाला उंदीर फिरकत नाही."

"तेल म्हणालो होतो, थर्मन. पुदिन्याचं तेल."

"तेल कुठून आणू? खिशात गोळ्या होत्या."

"गोळीत साखर असते."

"ते उंदरांना ठाऊक होतं. मला कोणी सांगितलं?"

दारात उभी असलेली व्हर्नेल, इझेलची बायको, हसून वाकली. परत न्यायला ती आपली गाडी घेऊन आली होती. "आणि वर्षभर मला ऐकवत होतास, की तुझ्या बिस्किटांच्या चुऱ्याने उंदीर आले. इथे डीकनसाहेबांनी पंगतच वाढली होती त्यांना."

"पंगतीला बोलवायला हवं होतंस मला," इझेल म्हणाला, आणि तिघं हसले. झालं, मिटलं. एवढंच होतं…

पण टाकायच्या गोळीचा कागद कोण सोडवतं? आणि ती सीट. एप्रिलमध्ये चालवायला बसलो तेव्हा पाय ब्रेकला पोचेना, सीट पार मागे. आपणच साफ करताना सरकवली असेल, अशी समजूत घातली होती. थर्मन उंच आहे, त्याचे गुडघे कुठेच मावत नाहीत.

"गोळ्या टाकल्यास आणि लगेच बाहेर आलास?" इझेलने विचारलं. आवाज त्याला हवा तितका सहज निघाला नाही.

"मग काय, राहायला जाणार होतो?" थर्मन म्हणाला, आणि खाली वाकून गाडी उचलून धरणाऱ्या जॅकचा आधीच घट्ट बसलेला दांडा आवळू लागला. बराच वेळ आवळत राहिला.

उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात इझेलने तारेची घासणी कोंबली, सुती आच्छादन दोघांनी दोन टोकांना धरून ओढलं. दर वर्षीसारखं. मग थर्मनने हात पुढे केला, किल्लीसाठी, दर वर्षीसारखाच, तिकडे न बघता. व्हर्नेलच्या भावाकडे शेड आहे, आत्ताही तिथे नेता येईल… बॅटरी परत जोडायला कितीसा वेळ. एक शब्द पुरे. पण त्या शब्दानंतर रविवारी त्या बाकावर बसायचं कसं? पुढे केलेला हात तसाच राहिला, जरा जास्तच राहिला, आणि थर्मनने वर पाहिलं. इझेलने किल्ली दिली. दिली म्हणण्यापेक्षा, बोटांतून जाऊ दिली.

"काय झालं तुला?" परतीच्या रस्त्यावर व्हर्नेलने विचारलं.

"काही नाही."

दोन्हीकडे कापून रिकामी झालेली मक्याची शेतं, बर्फाआधीचं ते राखाडी आभाळ. खोटं बोलला. माझ्या तोंडावर, उंदरांवर घालून. काय करत होता आत? काही काढून नेलं असेल? सगळं जागच्या जागी आहे, मी तपासलंय. काही बघत होता, मोजत होता, उद्या आपली होईल म्हणून?… पण बॅटरी बाकावर. रेडिओ लागत नाही, दिवा लागत नाही, हिटर लागत नाही. भर जानेवारीत अशा गाडीत करण्यासारखं काय असतं? दार ओढून घ्यायचं आणि बसायचं. त्याच्या बायकोला, लोरेनला, पुरून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते; घरात तिची खुर्ची, तिचा कप, स्वयंपाकघरातली तिची बडबड बंद पडलेली… की हे मीच त्याच्यासाठी रचतोय, किल्ली देऊन बसलो म्हणून? तसंही असेल. तोही मला पुरता ओळखतो, मी काय रचीन तेही त्याला माहीत.

पुढे रस्ता वळला. इझेलच्या डोळ्यांसमोरून ते कोठार हलेना — आच्छादनाखालचा तो काळोख, चाकामागे पाय मुडपून बसलेला तो उंच माणूस, गालात एक गोळी — आणि तो चोर आहे की नाही हे ठरवता ठरवता आपण मघापासून भलतीच काळजी करतोय हे त्याला उशिरा कळलं: त्याच्या अंगावर जाड कोट होता का, आणि किती वेळ बसत असेल तो तसा, इतक्या थंडीत.