गिनिपिगांचं इस्पितळ

गिनिपिगाचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. परवा लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या बाईंच्या हातात पिंजऱ्यात पळायच्या चाकाचं खोकं दिसलं.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"आमच्या गिनिपिगासाठी," त्या कौतुकाने म्हणाल्या.

"पाठ मोडेल त्याची. चाक उंदरांना ठीक. परत करून या."

बाई दुसऱ्याच मजल्यावर उतरल्या. त्याच्या आधी न्हाव्याकडे शेजारच्या खुर्चीतला गृहस्थ सांगत होता की त्याचा पुतण्या गिनिपिगाला पाव घालतो. वस्तरा मानेवर असताना मी बोललो, "पाव बंद करा. दिवसभर सुकं गवत हवं. त्यांचे दात जन्मभर वाढतात, गवत चावूनच झिजतात. आणि रोज सिमला मिरचीची एक फोड."

"आजोबा," न्हावी म्हणाला, "आधी कान वाचवा, मग ज्ञान वाटा."

लेक म्हणते, "बाबा, लोका सांगे ब्रह्मज्ञान." म्हणीचा पुढचा अर्धा भाग ती बोलत नाही. तिला सगळं माहीत आहे.

नातीला माहीत नव्हतं. ती नऊ वर्षांची, सतत गुणगुणते म्हणून भुंगी. एकदा तिने विचारलं, "आजोबा, तुला हे सगळं कसं येतं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी गिनिपिगांच्या इस्पितळात होतो." दुसऱ्या दिवशी ती शाळेत सगळ्यांना सांगून आली. मग हट्ट करून गिनिपिग आणले. दोन, कारण एकट्याला ठेवायचं नसतं, हे तिने आईला माझ्याच शब्दांत सुनावलं. काळं ते बटण, पांढरं ते काज. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघांचं वजन व्हायचं. गिनिपिग दुखणं लपवतो, पण वजन त्याला लपवता येत नाही, हेही मीच शिकवलेलं.

गेल्या रविवारी बटण साठ ग्रॅमने कमी भरलं. नाकाशी खपली दिसत होती. सोमवारी लेक कामावर गेली आणि मी भुंगीला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"जरा धरता का?" त्या म्हणाल्या.

मी धरलं. अंगठा जबड्याखाली, बोटं खांद्यांवरून, दुसऱ्या हातात मागचे पाय, पोट वर. एका झटक्यात. बटणाने साधं चूंसुद्धा केलं नाही. बाईंचा हात थबकला. ही पकड घरात कोणी शिकत नाही. ती सुई टोचायची पकड आहे.

"किती वर्षं होतात त्या कामात?" त्यांनी हळूच विचारलं.

"एकतीस."

"गिनिपिगांच्या इस्पितळात!" भुंगी छाती फुगवून म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि औषध लिहायला घेतलं. सात दिवस, दिवसातून दोनदा, बिनसुईच्या सिरिंजने तोंडात. बाकी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतताना भुंगी बटणाचं खोकं छातीशी धरून चालत होती.

"तुझ्याकडे किती होते?"

"एका वेळी दोनशे."

"बाप रे! नावं कशी लक्षात राहायची?"

"नावं नव्हती. कानाला नंबर असायचे."

"मग बरे झाले की घरी जायचे ना?"

'हो' म्हणायचं होतं, एका अक्षराचं काम. पण अर्ध्या गावाला तोंडावर खरं सुनावत फिरणारा मी, मला तिथे रस्त्यात स्वतःची लाज वाटली.

"ते इस्पितळ नव्हतं, भुंगे. प्रयोगशाळा होती. माणसांना द्यायच्या आधी औषधं त्यांना टोचून बघायचे. मी त्यांना सांभाळायचो आणि नंबर येईल तसं धरून द्यायचो."

"आणि मग?"

"मग कोणी घरी जायचं नाही."

तिने खोक्याच्या भोकातून आत पाहिलं. मग म्हणाली, "पण तू त्यांना गवत द्यायचास ना? एकटं नाही ना ठेवायचास?"

"सगळं द्यायचो. आजारी जनावर प्रयोगाला चालत नाही."

हे वाक्य मला पहिल्या आठवड्यात साहेबांनी शिकवलं होतं आणि पुढे प्रत्येक नव्या माणसाला मी ते शिकवलं. तिच्यासमोर बोललो आणि माझीच मला किळस आली. ते गिनिपिग मला आवडायचे, हेही खरंच होतं. पण ते सांगायला तोंड उरलं नव्हतं.

संध्याकाळी सातला औषधाची वेळ झाली. लेक यायला अवकाश होता. भुंगी तिच्या खोलीत जमिनीवर बसली होती, मांडीवर टॉवेलात बटण. सकाळपासून त्याने गवताला तोंड लावलं नव्हतं. औषध चुकलं तर हे जनावर दोन दिवसांत हातचं जातं.

"आण इकडे," मी म्हणालो. "दहा सेकंदांचं काम आहे."

"नको." तिने खांदा वळवून टॉवेल आड केला.

तिने समोरून सिरिंज लावली. निम्मं औषध हनुवटीवरून ओघळलं, बटण शिंकलं. ती रडत होती, पण आवाज नव्हता. मी एक पाऊल पुढे टाकलं.

"तू पुढे येऊ नकोस," ती म्हणाली. "तिथूनच सांग."

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि दारातून सांगायला लागलो. टॉवेल घट्ट गुंडाळ, पण छाती दाबू नकोस. बूड मांडीवर टेकव. सिरिंज बाजूने, पुढच्या दातांच्या मागे. थेंबभरच दे. थांब. गिळू दे. आता पुन्हा.

मी सांगेन तसं, एकही गोष्ट न चुकवता तिने केलं. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. बटणाचा जबडा हलला.

"गिळलं," मी म्हणालो.

"दिसतंय मला. आता परत कधी?"

"बारा तासांनी."

तिने बटणाची हनुवटी पुसली, त्याला काजाशेजारी ठेवलं आणि पिंजऱ्याची कडी लावली.

"मग सकाळी सातला ये," ती म्हणाली. "पण दारातच उभा राहा."